उलट्या जोडीतला माणूस

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं, पिंपळ नव्हता. म्हणूनच मी सांगायला लागलो की लोक हसतात.

हसा. पण हे माझ्याबरोबर घडलेलं आहे आणि त्यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. उलट काही शब्द गाळलेत, कारण ते लिहायला हात धजत नाही.

साल १९८१. मे महिना. जागा वाशी. तेव्हाची वाशी म्हणजे आखलेले रुंद रस्ते, तुरळक इमारती आणि बाकी नुसती उडणारी धूळ. एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाजगी कंपनी होती. नाव सांगत नाही. आता ती कंपनीही नाही आणि तिथली बरीचशी माणसंही नाहीत.

माझं नाव भगवान. गाव रत्नागिरीकडचं. स्वभावाने घुमा. चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसायचो, म्हणजे कुणी बोलायला येणार नाही. आजही हे लिहिताना वाटतंय, आपण कशाला? आपल्याला नीट सांगता येणार आहे का?

पण राग आहे. इतकी वर्षं झाली, राग गेलेला नाही. त्याच्याच जोरावर लिहितोय.

आमचं काम हवाई फोटोंवरून नकाशे काढायचं. विमान सरळ रेषेत उडत जातं आणि थोड्या थोड्या अंतरावर खालचे फोटो घेत जातं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा येतो. म्हणजे एकच घर, एकच झाड दोन फोटोंत असतं, पण दोन वेगळ्या जागांवरून पाहिलेलं. ते दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. वर स्टिरिओस्कोप उभा करायचा. आरसे आणि भिंगं बसवलेलं ते चार पायांचं यंत्र असतं. त्यात बघायचं. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा डोळा उजवा. बघता बघता फोटो किंचित सरकवत राहायचं... सरकवत राहायचं...

आणि एकदम जमीन उठते.

घरं वर येतात. झाडं उभी राहतात. विहिरी खोल जातात. आम्ही म्हणायचो, 'जोडी लागली.'

पहिल्यांदा जोडी लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कारण त्या क्षणी तुम्ही टेबलाशी नसता. पहिल्या फोटोच्या वेळी विमान जिथे होतं तिथे तुमचा डावा डोळा असतो. दुसऱ्या फोटोच्या वेळी होतं तिथे उजवा. तुम्ही आभाळात असता. खालच्यांना न विचारता खाली बघत असता.

आमचे टिपणीस साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. "एका डोळ्याने दिसलं ते खोटं. दोन्ही डोळ्यांनी दिसलं तेवढंच खरं. तेवढंच काढायचं."

आणि एक चूक आमच्यातल्या प्रत्येकाकडून कधी ना कधी व्हायची. घाईत डावा फोटो उजवीकडे ठेवला जायचा. उलटी जोडी. मग सगळं उफराटं दिसायचं. घरांच्या जागी खड्डे. विहिरीच्या जागी खांब. खाडीचं पाणी एखाद्या लांबलचक टेकडीसारखं वर आलेलं. जे उभं आहे ते बुडतं, जे खोल आहे ते वर येतं.

याला अपवाद नाही. असूच शकत नाही. ते गणित आहे.

माझ्या टेबलावर जो भाग आला होता त्यात चिंचखार नावाचं गाव होतं. उलव्याच्या अंगाला, खाडीला लागून. भातशेती, मिठागरं, आणि त्यांना खाडीपासून राखणारा लांब मातीचा बांध. नव्या शहरासाठी त्या सगळ्यावर भराव पडणार होता. भराव कुठे टाकायचा आणि पाण्याला वाट कुठे ठेवायची, हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं.

एका सकाळी एक बाई जिना चढून सरळ आत आली. चाळिशीची असेल. काष्टा घातलेला, पाय वाळलेल्या चिखलाने गुडघ्यापर्यंत पांढरे.

"पोपट्या! कंचा रं साहेब तुजा?"

पोपट आमचा ड्राफ्ट्समन. सानपाड्याचा आगरी, ऑफिसातला सगळ्यात बोलका माणूस. माझ्या नावावरून त्याची रोज एक तरी थट्टा असायची. कागद फाटला की "अरे भगवान!", चहा सांडला की "अरे भगवान!" तो आता ताडकन उठून उभा राहिला.

"गोजरावयनी? तू कशी आलीस इथं?"

"होडीनं आले, येस्टीनं आले, चालत आले. साहेब कंचा?"

टिपणीस साहेब केबिनमधून बाहेर आले. "बसा, बाई."

"बसाला नाय आले. आमची उघाडी तुमच्या नकाशावर नाय म्हनं."

"कोण म्हणतं?"

साहेबांनी पोपटकडे बघितलं. पोपटने छताच्या पंख्याकडे बघितलं.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. बांधाच्या पोटात दगडी पेटी असते आणि तिला खाडीच्या बाजूने एक जाड लाकडी झाकण. भरती आली की खाडीचं पाणी झाकण दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तेच झाकण ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात अख्ख्या गावाचं पाणी तिथूनच जातं.

"उघाडी बुजली तं गाव बुडंल," ती म्हणाली. "पावसाचं पानी काय तुमच्या हापिसात येऊन बसंल?"

"हे बघा, आम्ही फोटोत दिसतं तेच काढतो. तुमच्या बांधावर तिवरांची दाटी आहे. खालचं काही दिसत नाही."

"नाय दिसत तं या बगाला. मी दावते."

"आमची माणसं बघायला आली होती. तुम्ही दगड मारून पळवलीत."

"मारलं. पयला दगड माजाच व्हता. परत आली तं परत मारन."

"मग आम्ही बघायचं कसं?"

ऑफिसात हशा पिकला. साहेब मात्र हसले नव्हते, हे खरं आहे. ते नियमाचे होते, दुष्ट नव्हते.

ती वळली आणि माझ्या टेबलापाशी आली. यंत्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ह्याच्यातून बगता आमाला?"

"हो," मी पुटपुटलो.

"वरून? बाया न्हातात तवा पन?"

माझे कान तापले. "नाही, नाही... माणसं दिसत नाहीत त्यात. फार लहान येतात."

"मानसंच दिसत नाय?" ती म्हणाली. "मंग बगता काय?"

आणि निघून गेली.

त्या दिवशी मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना. साहेबांचं नियमाने बरोबर होतं. बाईचं जिवाने बरोबर होतं. आणि मध्ये मी, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

साहेब जाता जाता म्हणाले, "भगवान, नकाशा महिनाअखेर जायचाय. उघाडी दिसली तर काढ. नाही दिसली तर नाही."

मी शोधायला लागलो.

बांध नीट दिसत होता. खाडीच्या कडेने वळत गेलेली पांढरी रेघ. मधोमध तिवरांचा गर्द काळा पुंजका. उघाडी त्याच्यातच कुठेतरी असणार. पण त्या पुंजक्यात एवढीशी फट नव्हती. मी डोळे दुखेपर्यंत बघायचो. थुंकी गिळायचो, चष्मा पुसायचो, पुन्हा बघायचो.

झाडं. फक्त झाडं.

मग ती दुपार आली.

जेवणं झाली होती. वीज गेली. पंखे थांबले. यंत्राला वीज लागत नाही, खिडकीचा उजेड पुरतो, म्हणून मी काम चालू ठेवलं. बाकीचे झाडाखाली बसायला खाली गेले. वर मी, टेबलावर डोकं टेकून झोपलेला पोपट, आणि केबिनमध्ये साहेब.

मी बांधाची जोडी लावली. जमीन उठली.

तिवरांच्या पुंजक्याच्या कडेला, पाण्यालगत... एक ठिपका होता.

काल नव्हता. परवा नव्हता.

धूळ असेल. मी ब्रशने फोटो झाडला. भिंग पुसलं. पुन्हा बघितलं.

ठिपका होता.

मी डावा डोळा मिटला. ठिपका नाही. उजवा मिटला. ठिपका नाही. म्हणजे दोन्हीपैकी एकाही फोटोत तो नव्हता.

दोन्ही डोळे उघडले...

होता.

मला वाटलं, माझेच डोळे गेले. माझा माझ्यावर कधीच भरवसा नव्हता. चष्म्याचा नंबर वाढला असेल, ऊन लागलं असेल. मी पुढची जोडी घेतली. बांधाचा तोच भाग तिच्यातही येत होता. लावली.

आता तो ठिपका जमिनीवर नव्हता. तिवरांच्या शेंड्यांच्याही वर होता. अधांतरी.

याला कारण असतं. दोन फोटोंच्या मधल्या वेळात एखादी गोष्ट हलली, एखादी होडी किंवा बैलगाडी, तर ती यंत्रात तरंगताना दिसते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, कुणीतरी बांधावरून चालत असेल. पण चालणारा माणूस निदान एका डोळ्याला तरी दिसायला हवा ना?

मी शेजारच्या पट्टीतले फोटो काढले. विमान पुढे जाऊन वळून परत आलं तेव्हाचे. तोच बांध, बऱ्याच वेळानंतरचा. जोडी लागेना. सरकवत राहिलो... सरकवत राहिलो...

लागली.

तो आणखी वर आला होता. आणि आता तो ठिपका नव्हता.

माणूस होता. डोक्याला फडकं. एक हात डोक्याच्या वर. कमरेला काहीतरी बांधलेलं.

इथे मला थांबून एक सांगायचंय. हवाई फोटोत माणूस सापडलाच तर त्याचं डोकं सापडतं, फार तर सावली. तोंड नाही. वरून बघणाऱ्याला कुणाचं तोंड दिसत नाही.

मला तोंड दिसलं.

कारण तो वर बघत होता.

सरळ माझ्याकडे.

आणि चेहऱ्यावर जो राग होता ना... मी तेवढा राग कुणा जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेला नाही.

मी मागे सरलो. खुर्ची पडली. पोपट दचकून उठला. "अरे भगवान! काय झालं रं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की बाहेरचं काही ऐकूच येत नाहीये. खिडकीबाहेर दिवसभर कावळे असायचे. रस्त्यावर खडीचे ट्रक असायचे. खाली आमचीच माणसं गप्पा मारत होती. आता काहीच नाही. कानात बोळे घातल्यासारखं.

आणि त्या शांततेत...

धप्प.

लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. ओलं. जड.

मग बराच वेळ काही नाही.

धप्प.

पोपटच्या तोंडावरची झोप उडाली. तो हळूच म्हणाला, "ह्ये... ह्ये उघाडीचं झाकन हाय. पानी ढकलतं ना, तवा असंच वाजतं. लहानपनापासून ऐकलाय." मग त्याने खिडकीकडे बघितलं. बाहेर ऊन आणि धूळ. ऐकू येईल इतक्या जवळ खाडी नव्हती.

"आवाज येतो कुठून?" त्याने विचारलं.

मी टेबलाकडे बोट दाखवलं.

पोपट जागचा हलला नाही. "मी नाय बगनार. तू पन नको बगूस."

पण मला बघायचं होतं. धीट होतो म्हणून नाही. मला खात्री करायची होती की मी वेडा झालेलो नाही. आणि त्याला एकच उपाय होता.

मी फोटो उचलले. डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. मुद्दाम उलटी जोडी. या जोडीत उभं असलेलं सगळं बुडतं. तो जर खरोखर फोटोत असेल, कसाही असेल, तर तो खाली गेलाच पाहिजे.

वाकलो. बघितलं.

चिंचखारची घरं खाली गेली. कौलांच्या जागी चौकोनी खड्डे. बांधाचा चर झाला. तिवरं खोल काळ्या विवरांत उतरली. खाडी फुगून वर आली. सगळं गाव बुडालं.

तो बुडाला नाही.

तो वर आला.

बुडालेल्या सगळ्यातून तो एकटा वर येत होता. हात आधी. पाण्यातून वर येणाऱ्याचा येतो तसा. बोटं फाकलेली. पाठोपाठ तो चेहरा. तोंड उघडं. तो काहीतरी ओरडत होता. माझ्या डोळ्यांपाशी... अगदी पाशी...

मी किंचाळलो असणार, कारण साहेब केबिनमधून धावत आले.

"काय चाललंय?"

"साहेब, बांधावर माणूस आहे."

"कुठल्या बांधावर?"

"चिंचखारच्या. उघाडीपाशी. साहेब, उघाडी तिथेच आहे, तो तिथूनच..."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. ते मला जास्त लागलं. "भगवान, तू घरी जा. ती बाई तुझ्या डोक्यात बसलीय. उद्या डोळे तपासून घे. हा भाग मी दुसऱ्याला देतो, झाडं दाखवून मोकळं करू."

झाडं दाखवून मोकळं करू.

माझ्या आत काहीतरी तुटलं. आयुष्यात मी कुणावर आवाज चढवला नव्हता. वडिलांवर नाही, भावावर नाही. त्या दिवशी मी साहेबांचा दंड धरला.

"बघा!" मी ओरडलो. "पहिल्या दिवसापासून आम्हाला शिकवता ना? मग बघा! दोन्ही डोळ्यांनी बघा!"

पोपट आ वासून उभा होता. साहेबांनी दंड सोडवून घेतला. चिडले होते. एक शब्द न बोलता ते खुर्चीवर बसले आणि यंत्रावर वाकले.

त्यांचा हात सवयीने फोटो सरकवू लागला.

थांबला.

"भगवान," ते बघता बघताच म्हणाले, "ही जोडी उलटी लावलीयस."

"हो साहेब."

"घरं खड्ड्यात गेलीयत."

"हो साहेब."

मला त्यांची मान दिसत होती. मानेवरून घाम ओघळत होता.

मग ते अगदी हळू म्हणाले, "मग हा... उभा कसा?"

धप्प.

साहेब खुर्चीवरून उठले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांभोवती, भिंगं टेकतात तिथे, ओली वर्तुळं होती. त्यांनी बोटाने पुसलं. आणि का कोण जाणे, ते बोट जिभेला लावलं.

"खारट," ते म्हणाले.

नंतर: "भगवान..."

ते मला हाक मारत होते की देवाला, मला कळलं नाही.

त्याच वेळी बाहेर कावळा ओरडला. ट्रक गेला. पंखे सुरू झाले. साहेब केबिनकडे चालू लागले आणि दारातून, आमच्याकडे न बघता, म्हणाले, "उद्या तुम्ही दोघं चिंचखारला जा. जागेवर बघून या. मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. बांधावर गोजराबाई उभी होती. हातात दगड.

"वयनी, दगड ठेव," पोपट लांबूनच म्हणाला. "आमीच हाव."

"तुमीच हाव म्हनून तं उचलला."

मला पोपटने कोपर मारलं. बोल म्हणून. मी बोललो. अडखळत, शब्द गिळत, पण सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि चिडत होती. मी डोक्याच्या फडक्याचं सांगितलं. वर केलेल्या हाताचं सांगितलं.

"आणि कमरेला काहीतरी बांधलं होतं," मी म्हणालो.

तिच्या हातातला दगड पडला.

ती बांधावरच बसली. तिच्या पायाशी तिवरांच्या मुळांत एक खुंटा होता. त्याला काथ्याचा जाड दोर बांधलेला. दोर ताठ ताणलेला होता आणि खाली काळ्या पाण्यात गेला होता. पाण्याखाली दगडी पेटीची कड दिसत होती. उघाडी तिथेच होती. त्याच जागी.

"माजा सासरा," ती म्हणाली. "हिरामन. या उघाडीची राखन त्याची. थंडीत झाकनाला लाकडाचा वोंडा अडाकला, तो काडाला खाली उतारला. दोर कमरंला. दुसरं टोक माज्या हातात. खालून दोर हालला का वर ओढाचा. येवडंच माजं काम."

तिने आभाळाकडे बोट केलं.

"तवाच तुमचं विमान आलं."

मी खुंट्याकडे बघत राहिलो.

"लोक बोलत व्हते, विमान ज्याचा फोटू काढल ती जमीन जानार. या अंगानं जाय, त्या अंगानं परत ये. सारा गाव वर बगून शिव्या देत व्हता. मना पन राग आला. दोर खुंट्याला बांदला नी दगड घेऊन धावले. विमानाला दगड माराला!" ती हसली. तसं हसणं पुन्हा ऐकायला नको. "परत आले तं दोर असा ताठ. ओढला. येईना. साऱ्या गावानं ओढला. येईना. खाली मानसं उतारली, हाताला काय लागंना. पोलीस बोलले, भरतीनं नेला. आरं, भरतीनं नेला तं दोराला धरून कोन बसलाय?"

"वयनी," पोपटने घाबरत विचारलं, "तवापासून झाकन...?"

"नाय वाजलं. एकदा पन नाय. घट बसलाय."

पोपटने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"मना सांग," ती मला म्हणाली. "तू बगितलास तवा कुठवर आला व्हता?"

"वर," मी म्हणालो.

"किती वर?"

"माझ्या डोळ्यांपर्यंत."

ती उठली. दोराला हात घातला. "मंग ओढा."

आम्ही तिघांनी दोर धरला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून ओढला.

आणि तिघंही मागे पडलो.

दोर आला होता. सहज. गाव ज्याला हलवू शकलं नव्हतं तो दोर विहिरीतून रिकामी कळशी यावी तसा आला. शेवाळलेला, चिखलाने माखलेला. ओढत ओढत शेवट हातात आला. टोकाला फास होता. माणसाच्या कमरेएवढा. गाठ सुटलेली नव्हती. फास तुटलेला नव्हता.

आत कुणी नव्हतं.

पोपटने फासाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "कोरडा हाय," तो म्हणाला.

सगळा दोर निथळत होता. फक्त फास कोरडा होता.

आणि खाली, पाण्यात...

धप्प.

झाकण उघडलं. कोंडलेलं पाणी आवाज करत खाडीकडे धावलं.

मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडायला लागली. "आता आलास? आता? तवा हाक माराला काय झालं व्हतं तुला? मी काय बहिरी व्हते? घरी ये तू, मंग बगते तुला!"

पोपट तिला आवरत होता. पण मी तिच्याकडे बघत होतो.

ती पाण्याकडे बघून ओरडत नव्हती.

वर बघून ओरडत होती.

मी उघाडी नकाशावर काढली. साहेबांनी न बघता सही केली. भरावात तेवढी जागा सोडली गेली, तिथे पुढे सिमेंटची मोरी झाली आणि चिंचखार बुडालं नाही. गोजराबाईने सासऱ्याचं कार्य मात्र केलं नाही. लोक सांगून थकले. "वर आलाय तो," म्हणायची. "वर आलेल्याचं कसलं कार्य?"

टिपणीस साहेब पुन्हा कधी यंत्राशी बसले नाहीत. डोळे दुखतात म्हणायचे.

मी मात्र ती जोडी पुन्हा लावून बघितली. सुलटी. उलटी. शेजारच्या पट्टीतली. बांध होता, तिवरं होती, पाणी होतं. तो नव्हता. पोपट म्हणाला, सुटला बिचारा. सगळे तसंच म्हणाले.

मला तसं वाटत नाही. सुटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तो चेहरा घरी निघालेल्याचा नव्हता. तो कुणाच्या तरी अंगावर धावून येणाऱ्याचा होता. त्याला गोजराबाईशी भांडायचं नव्हतं. त्याला वरच्याशी भांडायचं होतं. जो वरून बघतो आणि ज्याला माणसंच दिसत नाहीत, त्याच्याशी. आणि खरं सांगू? त्याची बाजू बरोबर होती.

कदाचित मी चुकत असेन. मी आयुष्यभर बऱ्याच गोष्टींत चुकत आलो.

मुलगा मागे लागलाय. "बाबा, एकदा तरी विमानात बसा. आता इथेच विमानतळ झालाय, खिडकीची सीट घेतो." मी नको म्हणतो. भित्रे आहात म्हणतो तो. असेन.

परवा त्याच्याबरोबर गाडीतून उलव्याकडे गेलो होतो. ती मोरी अजून आहे. तिच्या वरून एक विमान उतरायला चाललं होतं. चाकं बाहेर काढून, खूप खाली आलं होतं. खिडक्या स्पष्ट दिसत होत्या. खिडक्यांशी माणसं असणार. कपाळ काचेला टेकवून खाली बघत असणार. खाडी, तिवरं, बांधाची पांढरी रेघ. वरून सुंदर दिसत असेल.

दोन्ही डोळ्यांनी बघत असतील.

आणि तो अजूनही वर येत असेल... तर आतापर्यंत कुठवर आला असेल?